फॉर्मवर खरं लिहा, मगच बोटीत बसा

पत्र, थोडक्यात:

येत्या डिसेंबरात आम्ही पाचजण न्यूझीलंडला चाललो आहोत. मी, माझे यजमान (वय 47), मुलगी (16), मुलगा (तेव्हा पावणेतेरा वर्षांचा असेल) आणि सासूबाई (70). ह्यांनी रोटोरुआजवळच्या कैतुना नदीवर राफ्टिंग ठरवलं आहे. त्यात सात मीटरचा धबधबा आहे आणि बोट सरळ त्यावरून खाली पडते. व्हिडिओ पाहूनच माझ्या पोटात गोळा येतो. मला पोहता येत नाही. ह्यांचं म्हणणं, "बोटीत नुसतं बसायचं तर आहे, पोहायला कोण सांगतंय?" मुलाचं वय विचारलं तर तेरा पूर्ण सांगायचं आणि बीपीची गोळी चालू आहे ते फॉर्मवर लिहायचं नाही, नाहीतर घेणार नाहीत, असंही त्यांनी ठरवून टाकलंय. मुलगी क्वीन्सटाउनला बंजी करणार आहे. तिला उणे आठचा चष्मा आहे, पण भीती म्हणून नाही. सासूबाई म्हणतात मी काठावर बसते, तर हे म्हणतात, "मग एवढ्या लांब एकत्र जायचं कशाला?" घरात आता मीच भित्री आणि मीच सगळ्यांची मजा घालवणारी ठरले आहे. मन घट्ट करून बसू का बोटीत?

– एक वाचक

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही घाबरताय धबधब्याला. मला पत्रातल्या बाकीच्या गोष्टींची काळजी जास्त वाटली: पावणेतेराचे तेरा, न लिहिलेली गोळी आणि जाता जाता सांगितलेला उणे आठचा चष्मा. धबधब्याची काळजी घेणारी माणसं तिथे रोज कामावर असतात. या गोष्टी मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाहीत, आणि त्या सांगायच्या नाहीत असंच तुमच्या घरात ठरलंय.

तरी आधी धबधब्याचं बोलू, म्हणजे तुम्हाला पुढचं शांतपणे वाचता येईल. नद्यांच्या वेगवान टप्प्यांना 1 ते 6 अशी श्रेणी देतात. 1 म्हणजे जवळजवळ संथ पाणी. 6 च्या वाटेला पर्यटकांना नेतच नाहीत. कैतुनाचा तो टप्पा 5 धरला जातो आणि त्यातला तुतेआ धबधबा सात मीटरचा. म्हणजे व्हिडिओ पाहून पोटात गोळा आला तर तुमचं काही चुकलं नाही. पण उडी दिसते तशी अंदाधुंद नसते. वर असतानाच गाइड ओरडतो, सगळे बोटीच्या तळाशी बसतात, एका हाताने आतली दोरी धरतात आणि वल्हं आत घेतात. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, ती शेवटपर्यंत तळहातात झाकून धरायची. सुटली, तर शेजाऱ्याचे दात जातात. बोट नाक खुपसून खाली जाते, क्षणभर सगळेच पाण्याखाली आणि मग वर. बहुतेक वेळा सरळ वर येते, कधी कधी उलटते. उलटली की काय करायचं याचा सराव निघण्यापूर्वी करून घेतलेला असतो आणि खाली सुरक्षेसाठी माणूस असतो. हे सगळं पाहून घेतल्यावरही कोणी म्हणालं की मला नको, तर ते उत्तर मला पूर्ण शहाणपणाचं वाटतं.

आता मुलाचं वय. या धबधब्यासाठी तिथे साधारणपणे तेरा वर्षांची अट असते, आणि ती अट वाढदिवसाच्या केकसाठी ठेवलेली नाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट अंगाला घट्ट बसलं पाहिजे, पाय बोटीच्या फुगीर आडव्या नळ्यांखाली अडकवून बसता आलं पाहिजे आणि वरून पाणी कोसळत असताना दोरी सुटता कामा नये. तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा अंगाने थोराड आहे, तीन महिन्यांनी काय मोठा फरक पडणार? शरीरात पडणार नाही, कबूल. पण बाप आणि मुलगा मिळून गाइडसमोर खोटं बोलले, की तो मुलगा पुढचे दोन तास "मला भीती वाटतेय" हे म्हणू शकत नाही. त्याने तेरा वर्षांचं असण्याचा पार्ट घेतलेला असतो. शिवाय प्रवासात पासपोर्ट खिशात असतो. कोणी सहज मागितला तर सगळ्यांसमोर काय तोंड दाखवणार? आणि उद्या काही झालंच, तर चुकीच्या वयावर सही केलेला कागद विमा कंपनीच्या टेबलावर जाईल तेव्हा तो तुमच्या बाजूने बोलणार नाही.

गोळीचं प्रकरण याहून गंभीर आहे. अचानक गार पाण्यात पडलं की माणूस नकळत जोरात श्वास आत ओढतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तदाब एकदम चढतो. धडधाकट माणसाचं दोन-तीन मिनिटांत थाऱ्यावर येतं. ज्याचा दाब आधीच गोळीने आवरून धरलाय, त्याच्या बाबतीत डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणीही "चालेल" म्हणू नये, मीसुद्धा नाही. खरं तर कैतुनाचं पाणी सरोवरातून बाहेर पडतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांसारखं झोंबत नाही, आणि अंगाची ऊब टिकवणारा घट्ट पोशाख, वेटसूट, तोही देतात. आटोक्यातला बीपी असलेली कितीतरी माणसं राफ्टिंग करतात. डॉक्टर कदाचित हसून "जा" म्हणतील. मग लपवायचं कशासाठी? डॉक्टरांकडून चार ओळींची इंग्रजी चिठ्ठी घ्यायची, गोळीचं नाव आणि डोस तिच्यावर लिहून घ्यायचा आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात खरं लिहायचं. गाइड त्या रकान्याकडे बघून माणसाला घरी पाठवतोच असं नाही. कुठे बसवायचं, कोणावर नजर ठेवायची, बोट उलटली तर आधी कोणाचं डोकं शोधायचं, हे तो ठरवतो. तुमचे यजमान त्याच्या हातातली तेवढी माहिती काढून घेताहेत.

विम्याचं आत्ताच बघा, विमानतळावर नाही. प्रवास विम्याच्या कित्येक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात किंवा जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. काही पॉलिसी राफ्टिंग धरतात, पण ठरावीक श्रेणीपर्यंतच. आधीपासूनचा आजार जाहीर केलेला नसेल तर दावा नाकारायला त्यांना दुसरं कारणही लागत नाही. कंपनीला ईमेल करून सरळ विचारा: "श्रेणी 5 चं राफ्टिंग आणि बंजी यात येतं का? उच्च रक्तदाब जाहीर करायचा आहे, कसा करू?" उत्तर लेखी मागा. फोनवर "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" म्हणणारा मुलगा दाव्याच्या वेळी सापडत नाही.

न्यूझीलंडची एक गोष्ट वेगळी आहे, ती माहीत असावी. तिथे अपघातात दुखापत झाली तर एसीसी नावाची सरकारी योजना उपचारांच्या खर्चाला हातभार लावते आणि त्यात पर्यटकही येतात. चूक कोणाची हे बघितलं जात नाही. त्याच्या बदल्यात दुखापतीबद्दल भरपाई मागायला कोर्टात सहसा जाता येत नाही. पण ही योजना आजारपणाला नाही, हुकलेल्या विमानाला नाही आणि माणसाला लवकर घरी आणायच्या खर्चालाही नाही. म्हणजे पाय मोडला तर एसीसी, दाब वाढून छातीत दुखलं तर तुमचा विमा. गोळी लपवली तर हा दुसरा खर्च कोण भरणार, हे यजमानांनाच विचारा.

आता मुलगी. तिला भीती नाही हे वाचून बरं वाटलं, पण चष्म्याची ओळ वाचून थांबलो. उणे सहाच्या पुढचा नंबर म्हणजे डोळ्याचा गोल लांबट झालेला असतो आणि त्याच्या मागचा पडदा, रेटिना, ताणून पातळ झालेला असतो. बंजीत माणूस डोकं खाली करून पडतो, दोरी ताणली की झटका बसतो आणि रक्त डोक्याकडे धावतं. या खेळानंतर डोळ्यात रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. नुसता नंबर तपासायचा नाही, बाहुली मोठी करणारे थेंब घालून रेटिना तपासायला सांगा आणि "बंजी करायची आहे" हे स्पष्ट सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर नको. रुसेल, दोन दिवस बोलणार नाही, चालेल. तपासणी होऊन ती गेलीच, तर नंतर डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके, विजा चमकल्यासारखं किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सहलीचा कार्यक्रम काहीही असो.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर मात्र तिला जाऊ द्या, आणि एकटीला जाऊ द्या. क्वीन्सटाउनजवळचा कवाराउ नदीवरचा पूल 43 मीटर उंच आहे आणि तिथे 1988 पासून बंजी चालते. जगातली पहिली कायमस्वरूपी व्यावसायिक बंजी तीच. तिथे आधी वजन करतात आणि मार्करने हातावरच लिहितात, कारण कोणती दोरी बांधायची ते वजनावर ठरतं. सोळा वर्षांच्या मुलीला चारचौघांत वजन सांगायचा संकोच असेल तर घरीच बोलून ठेवा; दोन किलो कमी सांगण्याची ती जागा नाही. फळीच्या टोकावर उभी राहिल्यावर तिने मागे वळून "नको" म्हटलं, तर खालून कोणीही "अगं मार की उडी, पैसे भरलेत!" असं ओरडायचं नाही. हे तुमच्या यजमानांना आधीच सांगून ठेवावं लागेल, असा माझा अंदाज आहे.

आणि तुम्ही. "मन घट्ट करून बसू का?" याचं माझं उत्तर नाही असं आहे. कैतुनावर तरी नाही. पोहता न येणाऱ्या माणसाला लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं, हे खरं. पण तोंडावर पाणी आलं की ज्याचा जीव घाबरा होतो, त्याला पुढच्या सूचना ऐकूच येत नाहीत. नदीत पडलं तर पाठीवर राहायचं, पाय वर, तळवे प्रवाहाच्या दिशेने, आणि उथळ वाटलं तरी उभं राहायचं नाही, कारण खडकांत पाऊल अडकलं की पाणी माणसाला पुढे आडवं पाडतं. वाचायला सोपं आहे. पण उभं राहण्याची ओढ इतकी नैसर्गिक आहे, की ती मोडायला थोडा सराव लागतो. अजून वेळ आहे. जवळच्या तलावात शिकवणी लावा. पोहणं आलंच पाहिजे असं नाही. पाठीवर तरंगणं, तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, नाकात पाणी गेलं तरी न बावरणं, एवढं जमलं तरी पुष्कळ. डिसेंबरात तुम्ही कुठल्या बोटीत बसायचं ते मग पोटातल्या गोळ्याने ठरणार नाही, तुम्ही ठरवाल.

यजमानांचा मुद्दा मला अगदीच पोकळ वाटत नाही. एवढा खर्च करून, रजा जुळवून सगळे एकत्र निघालेत. त्यांना एक तरी गोष्ट अशी हवी आहे, की पाचही जण तिच्याबद्दल एका तोंडाने बोलतील. हट्टामागे प्रेमच आहे, पण ते सगळ्यांत अवघड नदीला चिकटून बसलंय. त्यांच्याशी बोलताना "मला भीती वाटते" इथून सुरुवात करू नका, तो वाद तुम्ही आधीच हरून बसला आहात. सरळ म्हणा: "अहो, सगळ्यांनी मिळून करायचं तर सगळ्यांना जमेल असं निवडू. आणि कैतुना तुम्हाला करायचीच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन खुशाल करा, मी वरून बघते." यात नाही म्हणण्यासारखं काही नाही. घरातल्या घरात एक बोलीही करून टाका: कोणीही, कुठल्याही क्षणी, कारण न देता माघार घेऊ शकतो, आणि त्यावर नंतर चेष्टा नाही. मुलांसमोर करा, त्यांनाही ती लागू आहे.

माझ्या डोक्यात साधारण असं जमतंय. कैतुनावर यजमान आणि मुलगी, दोघांचेही डॉक्टर हो म्हणाले तर. तुम्ही, मुलगा आणि सासूबाई ओकेरे फॉल्सच्या पायवाटेने जा. थोडंसं चाललं की तुतेआ धबधबा समोरून दिसतो आणि बोटी एकामागोमाग एक खाली पडताना बघता येतात. पुढे गुहांकडे पायऱ्या उतरतात, त्या सासूबाईंनी सोडून द्याव्यात. खरं सांगायचं तर तिथून जेवढं दिसतं तेवढं बोटीतल्यांना दिसत नाही. त्यांचे डोळे मिटलेले असतात. मुलगा चिडेल. त्याच्यासाठी, आणि तलावातला सराव झाला असेल तर तुमच्यासाठीही, तोंगारिरो नदी आहे. रोटोरुआहून गाडीने दीड-दोन तासांवर, श्रेणी 3, लहान लहान उसळत्या लाटांची लांब रांग, मध्ये मध्ये श्वास घ्यायला शांत पाणी. त्याच्या वयाच्या मुलांना तिथे सहसा घेतात, तरी बुकिंगपूर्वी अट विचारून घ्या. पाणी गार असतं, तेव्हा यजमानांची चिठ्ठी इथेही लागणार. तुम्ही चौघे एकाच बोटीत बसलात आणि सासूबाई शेवटच्या वळणावर वाट बघत असल्या, तर "एकत्र" याहून जास्त काय हवं?

पाण्याचा झोत मागे फेकून वेगात धावणाऱ्या जेटबोटीचं कोणीतरी सुचवेलच. बिल हॅमिल्टन नावाच्या तिथल्याच एका शेतकऱ्याने 1950 च्या दशकात उथळ नद्यांसाठी ती घडवली, आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरवतात तेव्हा मुलं किंचाळून आनंदी होतात. पण मान-पाठ-मणक्याचं दुखणं असणाऱ्यांना ती नको. सत्तरीच्या सासूबाईंना "नुसती बोट तर आहे" म्हणून त्यात बसवू नका.

बुकिंगबद्दल थोडं. पोचल्या दिवशी काही ठेवू नका. जेटलॅगमध्ये माणसाला साधी सूचना दोनदा सांगावी लागते. अगदी शेवटच्या दिवशीही नको, कारण नदीचं पाणी वाढलं की सहल रद्द होते आणि मग पोरांचं तोंड उतरतं. मधला दिवस घ्या आणि एक दिवस हाताशी मोकळा ठेवा. पैसे परत मिळण्याच्या अटी वाचा: ऐनवेळी कोणी नको म्हटलं तर किती जातात? ते पैसे गेलेच असं आधीच मनाशी धरलं, की फळीवर उभ्या असलेल्या पोरीवर त्यांचं ओझं येत नाही. कंपनी निवडताना नुसते तारे मोजू नका. तिथे राफ्टिंगवर मेरीटाइम न्यूझीलंड या संस्थेची नियमावली आहे, आणि कॅन्यनिंगसारखे (अरुंद घळईतून दोरीने, पाण्यातून खाली उतरणं) साहसी प्रकार चालवणाऱ्यांना सुरक्षा-तपासणी करून नोंदणी करावी लागते. ती यादी वर्कसेफ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते. 9 डिसेंबर 2019 ला व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा स्फोट होऊन 22 जण गेले, त्यात बरेचसे पर्यटक होते. त्यानंतर तिथले नियम कडक झाले, आणि 1 एप्रिल 2024 पासून नोंदणीकृत साहसी सहलींच्या चालकांनी निसर्गातल्या गंभीर धोक्यांची माहिती लोकांना द्यायची आहे. तेव्हा "आज नदी कशी आहे?" हे बिनधास्त विचारा. नीट उत्तर न देता हसून नेणाऱ्याच्या बोटीत बसू नका.

निघताना गाइड प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघतो. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे, पट्टे आवळायला हवेत. त्याच्या हातून कोणी सुटलं तर तुम्ही ओढून बघा. अंगाला घट्ट, पण श्वास नीट घेता येतो, तेवढं बरोबर. मोबाइल बोटीत नेऊ नका, फोटो बहुतेक कंपन्या काढतात. आणि मुलीच्या चष्म्याला मागून बांधायची दोरी इथूनच घेऊन जा. जुना, जादा चष्माही बॅगेत टाका, कारण उणे आठच्या नंबराचा चष्मा नदीत गेला तर उरलेली सहल तिला धूसरच दिसेल.